घणाचा घाव कानापर्यंत

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत एखादे जुने शेत मोडीत निघते तेव्हा लिलाव पुकारला जातो. ट्रॅक्टर, नांगर, धान्याची यंत्रे यांना गिऱ्हाईक लगेच मिळते. शेवटी गोठ्याच्या कोपऱ्यात ओतीव लोखंडाचे एक धूड उरते. माणसाएवढे उंच, पाऊण टनाच्या आसपास वजनाचे, अंगावर कित्येक दशकांचे ग्रीस. वर फिरणारे चाक, त्याच्या पुढ्यात जाडजूड स्प्रिंग, स्प्रिंगच्या दोन हातांना लटकलेला लोखंडी ठोकळा आणि खाली त्याची वाट बघणारी ऐरण. बाजूला उठावाच्या अक्षरांत नाव असते ‘लिटल जायंट’, म्हणजे छोटा राक्षस. भंगारवाला किलोचा भाव सांगतो. पण गर्दीत एखादा तरी असा असतो, जो या यंत्रासाठी तीनशे मैल गाडी हाकत आलेला असतो.

हा माणूस पोटासाठी लोहार नसतो. आठवडाभर कचेरीत किंवा शाळेत काम करायचे आणि शनिवार-रविवार घरामागच्या गॅरेजमध्ये भट्टी पेटवायची, असा त्याचा शिरस्ता. अमेरिकेत ही हौस १९७०च्या दशकापासून वाढत गेली. हौशी आणि व्यावसायिक लोहारांची देशव्यापी संघटना १९७३मध्ये उभी राहिली. २०१५मध्ये सुरू झालेल्या ‘फोर्ज्ड इन फायर’ या दूरचित्रवाणी स्पर्धेने तर चाकू-तलवारी घडवण्याचे वेड घराघरांत नेले. हाताने घण मारत चार-पाच वर्षे गेली की यांच्यापैकी पुष्कळांची एकच तक्रार सुरू होते. कोपर.

हातोडा धरणाऱ्या हाताच्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या टोकावर दुखू लागते. चहाचा कप उचलताना कळ येते, दाराची मूठ फिरवताना कळ येते. डॉक्टर त्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात, मग रुग्णाने जन्मात रॅकेट हातात धरलेली नसली तरी. मनगट मागे उचलून धरणारे स्नायू ज्या कंडरेने कोपराच्या हाडाला जोडलेले असतात, तिच्यातले तंतू वारंवारच्या ताणाने विस्कटतात. पूर्वी याला सूज समजत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर सुजेच्या पेशी फारशा दिसत नाहीत, दिसते ती झीज आणि अर्धवट राहिलेली दुरुस्ती. कंडरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून भरून यायलाही महिनोन् महिने लागतात. हातोडा घट्ट आवळून धरण्याची सवय आणि थंड पडलेल्या लोखंडावर मारलेले घाव यांनी दुखणे वाढते. अशा वेळी कुणीतरी सुचवते, ‘पॉवर हॅमर घे.’ कोपर वाचवण्यासाठी यंत्र घरात येते ते असे.

पूर्वी हे काम दुसरा माणूस करत असे. लोहार सांडशीत लाल लोखंड धरी आणि समोरचा साथीदार घण घाली. महाराष्ट्रात पेरणीच्या आधी गावाबाहेर पाल ठोकणाऱ्या घिसाड्यांकडे आजही हे दृश्य दिसते. पुरुष बसून लोखंड फिरवतो आणि बहुतेक वेळा त्याची बायको उभी राहून डोक्यावरून घण आणते. पोटच्या पोराला झोळीत टाकून दिवसभर घण ओढणाऱ्या या बाईच्या खांद्याचा आणि कमरेचा हिशेब कुठल्याच वहीत होत नाही. अमेरिकेतल्या खेड्यांतही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घण घालणारी माणसे मिळेनाशी झाली. नांगराचे बोथट झालेले फाळ तापवून, ठोकून पुन्हा धारदार करणे हे गावच्या लोहाराचे मोठे काम. मिनेसोटा राज्यातल्या मॅन्केटो गावच्या मेयर बंधूंनी नेमके हे गिऱ्हाईक हेरले. त्यांचे हॅमर २५, ५०, १०० पौंड आणि त्याहून मोठ्या मापांत हजारोंनी विकले गेले. हा आकडा यंत्राच्या वजनाचा नव्हे, तर खाली येणाऱ्या ठोकळ्याचा. पहिल्यांदा घेणारे बहुधा २५ किंवा ५० पौंडांवर थांबतात. ५० पौंड म्हणजे सुमारे २३ किलो.

यंत्राची कल्पना साधी आहे. आधी छपराखालच्या फिरत्या दांड्यावरून पट्ट्याने ताकद येई, पुढे दोन-तीन अश्वशक्तीची विजेची मोटर आली. तळाशी यंत्राला वळसा घालणारी लोखंडी पायपट्टी असते. ती दाबली की क्लच लागतो, चाक फिरते आणि ठोकळा वरखाली होऊ लागतो. ठोकळा चाकाला थेट जोडलेला असता, तर खाली जाड लोखंड येताच काहीतरी मोडलेच असते. म्हणून मध्ये स्प्रिंग आणि दोन सांध्याचे हात घातले आहेत. वेग वाढला की ठोकळा झोक्यासारखा ताणला जातो आणि चाकाच्या मर्यादेपेक्षा थोडा जास्तच खाली झेपावतो. पाय हलका तर घाव हलका, पाय जड तर घाव जड. कसबी माणूस याच यंत्राने सुपारी फोडून दाखवील. नवखा माणूस त्याच पायाने एका सेकंदात चार घाव जास्त मारून बसतो.

त्या घावात किती जोर असतो, याचे गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राने जमते. एक किलोचा हातोडा सेकंदाला ८ मीटर वेगाने आला, तर त्यात ३२ जूल ऊर्जा असते. २३ किलोचा ठोकळा फक्त ३ मीटर वेगाने आला तरी १०० जूलच्या वर. म्हणजे एका घावाला तिप्पट. मात्र माणूस मिनिटाला साठ घाव घालून दमतो आणि यंत्र अडीचशे घाव घालून दमत नाही. मिनिटाचा हिशेब बारा-तेरा पटींवर जातो. मनगटाएवढी सळई निमुळती करायला हाताने अर्धा तास आणि सात-आठ वेळा तापवणे लागत असेल, तर इथे दोन-तीन तापांत काम उरकते.

याच गणिताची दुसरी बाजू नव्या मालकाने आधी शिकायला हवी. ऊर्जा तीच राहिली तरी बळ किती लागेल, हे ठोकळा किती अंतरात थांबतो यावर ठरते. लोखंड पिवळसर नारिंगी तापलेले असेल आणि घावाने दोन मिलिमीटर दबले, तर सरासरी बळ सुमारे पाच टन वजनाइतके होते. तेच लोखंड गार होऊन दशांश मिलिमीटरच दबले, तर बळ शंभर टनांच्या घरात. हे बळ लोखंडाबरोबर यंत्राला आणि सांडशीतून हातालाही सोसावे लागते. लोखंड न ठेवता वरखालचे साचे एकमेकांवर आपटू दिले, तर शंभर वर्षे टिकलेली ओतीव चौकट एका संध्याकाळी तडकू शकते. ओतीव लोखंड दाब सोसते, पण ताण आणि हिसका त्याला सोसत नाही.

खालच्या ऐरणीचे वजन ठोकळ्याच्या दहा ते वीस पट असावे, असा कारागिरांचा ठोकताळा आहे, आणि त्यालाही आधार आहे. ऐरण दहापट जड असेल तर घावाची साधारण ९१ टक्के ऊर्जा लोखंड दाबायला वापरली जाते. वीसपट असेल तर ९५ टक्के. पाचपटच असेल तर ८३ टक्के. फरक थोडा वाटतो. पण जी ऊर्जा लोखंडात जात नाही, ती जमिनीत, भिंतीत आणि शेजाऱ्याच्या कपाटातल्या काचेच्या भांड्यांत जाते. घरगुती कारखान्याविरुद्ध पहिली तक्रार बहुधा तिथूनच येते. म्हणून यंत्र जाड काँक्रीटवर, मध्ये लाकडाचा थर देऊन, बोल्टने आवळून बसवतात. हे धूड वरच्या बाजूला जड असते. गाडीतून उतरवताना ते कलंडू लागले, तर त्याला सावरायला हात घालायचा नाही, बाजूला उडी मारायची. हॅमर घेणाऱ्यांच्या हातापायांना होणाऱ्या गंभीर इजांचा पहिला मोका यंत्र सुरू होण्याआधी, या वाहतुकीतच असतो.

यंत्र जागेवर बसले की मालकाला ते स्वच्छ करून, रंगवून नवे करण्याची घाई होते. जुन्या वस्तूच्या प्रेमाचा हा टप्पा आरोग्याच्या दृष्टीने सगळ्यात फसवा आहे. त्या काळच्या यंत्रांच्या रंगांत शिसे सर्रास असे. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली ती १९७८मध्ये. असा रंग ग्राइंडरने खरवडला की शिशाची धूळ हवेत, मग कपड्यांवर आणि कपड्यांवरून घरात रांगणाऱ्या मुलापर्यंत पोहोचते. मोठ्या माणसाच्या आतड्यातून शिसे जितके शोषले जाते, त्याच्या कितीतरी पट लहान मुलाच्या आतड्यातून जाते आणि वाढत्या मेंदूला त्याची सुरक्षित मात्रा नाही. ओला रंगउतारू वापरणे, धूळ उडू न देणे, कामाचे कपडे वेगळे धुणे आणि मुलांना त्या जागेपासून लांब ठेवणे, एवढे तरी हवेच. तसे पाहिले तर रंग तसाच राहू दिला तरी हॅमरचे काही अडत नाही.

दुसरे शिसे दडलेले असते बेअरिंगमध्ये. या यंत्रांत आजच्यासारखे गोळ्यांचे बेअरिंग नसते. फिरत्या दांड्याभोवती पांढरा मऊ धातू वितळवून ओतलेला असतो. बोस्टनच्या आयझॅक बॅबिट यांनी १८३९मध्ये त्याचे पेटंट घेतले, म्हणून त्याला बॅबिट धातूच म्हणतात. मूळ मिश्रण कथलाचे, स्वस्तातले शिशाचे. शंभर वर्षांत ते झिजते, दांडा खडखडू लागतो आणि मालकाला नवा धातू ओतावा लागतो. जुने कारागीर वितळलेल्या धातूत लाकडाची काडी बुडवून तापमान जोखत. काडी करपली, पण पेटली नाही की ओतायची वेळ झाली. आजही पुष्कळजण तेच करतात. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. तापमान त्याच्या बरेच वर नेले की वाफ आणि धूर वाढतो. त्याहून तातडीचा धोका ओलाव्याचा आहे. साच्यात पाण्याचा थेंब राहिला तर त्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेला धातू तोंडावर उसळतो. साचा आधी तापवून कोरडा करणे, चेहऱ्यावर ढाल, दार उघडे आणि शक्यतो कथलाचे मिश्रण यावर तडजोड करू नये.

धुराचाच विषय निघाला तर भट्टीचाही उल्लेख हवा. गॅसची भट्टी बंद गॅरेजात चालवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते आणि माणूस समजतो, दमलो असेन. जस्ताचा मुलामा दिलेला नळ भट्टीत घातला तर पांढरा धूर निघतो. काही तासांनी, बहुधा रात्री, थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते, तोंडात धातूची चव राहते. फ्लू समजून माणूस झोपतो आणि दीड-दोन दिवसांत उठतोही. हा धातुधुराचा ताप. तो आपोआप उतरतो, म्हणूनच तो पुन्हा पुन्हा ओढवून घेतला जातो.

इतके सगळे निभावून एके दिवशी मोटर सुरू होते, पायपट्टी दबते आणि पहिला घाव पडतो. तिथून कानाचा हिशेब सुरू होतो.

कान सोनाराने टोचावेत म्हणतात. लोहाराचे कान टोचायला कुणी लागत नाही, ते काम धंदाच करतो. इटलीचे वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७००मध्ये कामगारांच्या आजारांवर पहिला सविस्तर ग्रंथ लिहिला. व्हेनिसमध्ये एकाच वस्तीत दिवसभर तांबे ठोकणाऱ्या कारागिरांचे कान बधिर होत जातात, हे निरीक्षण त्यांचेच. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकामाचा ठेका ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ते वर्णन व्हेनिसला न जाताही कळेल. लोहारांना येणारे बहिरेपण धंद्यामुळे आणि हळूहळू येते, असे ब्रिटनच्या जॉन फॉस्ब्रोक या डॉक्टरांनी १८३१मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवले. मग १८८६मध्ये ग्लासगोचे कानाचे डॉक्टर थॉमस बार यांनी बॉयलर बनवणारे शंभर कामगार तपासले. साधन एकच, टिकटिकणारे घड्याळ. ते कानापासून किती अंतरावर ऐकू येते ते मोजायचे. शंभरांत एकाचाही कान धड निघाला नाही. त्या काळी बॉयलरवाला बहिरा असणे इतके गृहीत होते की त्या बहिरेपणालाच धंद्याचे नाव पडले.

कानाच्या आत, शंखासारख्या वळलेल्या नळीत, ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी असतात. एका कानात त्यांची संख्या सुमारे साडेपंधरा हजार. त्यांतल्या साडेतीन हजारांच्या आसपास पेशी मेंदूकडे संदेश पाठवतात. उरलेल्या बाहेरच्या रांगांमधल्या पेशी बारीक आवाज वाढवून देतात. मोठ्या आवाजाने आधी मरतात त्या या बाहेरच्या. पक्ष्यांमध्ये अशा पेशी पुन्हा उगवतात. माणसात उगवत नाहीत. जन्मावेळी मिळालेला साठा आयुष्यभर पुरवायचा असतो.

कानाला स्वतःचा एक बचाव आहे. मोठा आवाज झाला की मधल्या कानातला चिमुकला स्नायू आकसतो आणि हाडांची साखळी ताठ करतो. पण त्याला आकसायला सेकंदाचा दहावा हिस्सासुद्धा लागू शकतो आणि घावाच्या आवाजाचे शिखर एक-दोन मिलिसेकंदांत येऊन जाते. दार लावेपर्यंत चोर आत येऊन गेलेला असतो. शिवाय हा स्नायू मुख्यत्वे खर्जातले आवाज अडवतो. वरच्या पट्टीतले आवाज तसेच आत जातात. नेमक्या तिथेच कान नाजूक आहे. कानाची बाहेरची नळी अडीच सेंटिमीटर लांब. बासरीसारखी ती ३ ते ४ हजार हर्ट्झचे आवाज घुमवून वाढवते. म्हणून घणाने बिघडलेल्या कानाच्या आलेखात ४ हजार हर्ट्झजवळ एक खड्डा पडतो. तो दिसला की डॉक्टरला धंदा विचारावा लागत नाही.

हा खड्डा रुग्णाला बराच काळ कळत नाही, कारण बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात आणि ते ऐकू येत राहतात. हरवतात ती ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ट’, ‘क’ अशी व्यंजने. आवाज येतो, शब्द कळत नाही. घरची माणसे पुटपुटतात अशी तक्रार सुरू होते. टीव्हीचा आवाज वाढतो. नातवंडाची कुजबुज हुकते. लग्नाच्या पंगतीत माणूस नुसता हसून मान डोलावतो. रात्री खोली शांत झाली की कानात शिट्टी वाजू लागते, ती वेगळीच. २००९मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात याहून अवघड गोष्ट पुढे आली. मोठ्या आवाजानंतर उंदरांची तपासणी काही दिवसांत पुन्हा बिनचूक येऊ लागली, केसपेशीही शाबूत दिसल्या. पण त्या पेशींना मज्जातंतूशी जोडणारे सांधे मोठ्या प्रमाणात कायमचे तुटले होते. कान ‘बरा झाला’ असे वाटणे आणि कान बरा होणे यांत अंतर आहे.

मग किती वेळ चालेल? अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेची शिफारस अशी, की ८५ डेसिबेलचा आवाज आठ तास चालेल. पुढे दर तीन डेसिबेलला वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक आणि १०० डेसिबेलला फक्त पंधरा मिनिटे. हॅमर चालवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबेल ही दूरची गोष्ट नाही. हौशी माणूस म्हणतो, ‘मी कुठे दिवसभर चालवतो?’ खरे आहे. लोखंड वीस-तीस सेकंद ठोकायचे, पुन्हा भट्टीत घालायचे. पण संध्याकाळभरात चाळीस ताप झाले, तरी पंधरा-वीस मिनिटे भरतात. त्यात हाताचा हातोडा, ग्राइंडर आणि गॅसच्या भट्टीची घरघर वेगळी. कारखान्यातल्या कामगारासाठी नियम आहेत, निरीक्षक आहे. गॅरेजमधल्या मालकावर देखरेख करणारा मालक तोच. मोबाइलमधल्या आवाज मोजणाऱ्या ॲपवरही विसंबू नये. घावाचे टोकदार शिखर फोनच्या माइकला पकडता येत नाही. तो सरासरी दाखवतो आणि ती दिलासा देणारी असते.

इथे आणखी एक फसगत आहे. हाताच्या ऐरणीचा टणत्कार कानाला बोचतो, म्हणून माणूस आपणहून कान झाकतो. हॅमरचा आवाज दबका असतो, ‘धप्-धप्’. तो सोसवतो, म्हणून निरुपद्रवी वाटतो. लाल लोखंड मऊ असल्याने घाव थोडा लांबतो आणि वरच्या पट्टीतला कर्कशपणा घटतो, हे खरेच आहे. लोखंड काळवंडू लागले की त्याच यंत्राचा आवाज धारदार होतो. गार लोखंडावर घाव घालू नये, हा जुन्या उस्तादांचा नियम साचे वाचवण्यासाठी होता. कोपर आणि कानही त्यातच वाचतात.

उपाय महाग नाही, तो नीट वापरणे तेवढे अवघड आहे. फोमचे बोळे मिळतात. ते सुरकुती न पडता बारीक वळायचे, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. बहुतेकजण तो बाटलीच्या बुचासारखा नुसता टेकवतात. पाकिटावर ३३ डेसिबेल लिहिलेले असते. प्रयोगशाळेबाहेर त्याच्या निम्मेच धरावे, असे तज्ज्ञ सांगतात. बोळ्यावर कानटोपही घातला तर दोन्हींच्या आकड्यांची बेरीज होत नाही, साधारण पाच डेसिबेलची भर पडते. हॅमरसाठी तेवढी भरसुद्धा सोडू नये. चष्म्याच्या जाड दांडीमुळे कानटोपाला फट राहते, म्हणून दांडी बारीक घ्यावी. चष्मा मात्र हवाच. घावाबरोबर उडणारी पापुद्र्यासारखी खपली तापलेली असते आणि जुन्या साच्यांचे कठीण टवके गोळीसारखे सुटतात.

हातांची गोष्ट कानांपेक्षा बरी म्हणावी लागेल. कंपनांनी बोटे पांढरी पडण्याचा आजार ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८मध्ये इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या चुनखडी दगड घडवणाऱ्या कामगारांत पाहिला. हवेच्या दाबावरचे हातोडे दिवसभर धरणाऱ्या या माणसांची बोटे थंडीत मेल्यासारखी पांढरी होत. पॉवर हॅमरशी संबंध क्षणांचा असतो. या बाबतीत त्याच गॅरेजमधला ग्राइंडर अधिक घातकी आहे. मात्र सळई खालच्या साच्यावर सपाट टेकलेली नसेल, तर प्रत्येक घाव तिला वर उडवतो आणि हिसका थेट मनगटात येतो. सांडशीची दांडी पोटासमोर धरायची नाही, अंगाच्या बाजूला धरायची. दोन दांड्यांच्या मध्ये बोट घालायचे नाही. सळई निसटली तर ती सरळ रेषेत मागे येते. त्या रेषेत पोट नसावे.

आणि पायपट्टी. ती यंत्राभोवती तिन्ही बाजूंनी फिरते, म्हणजे कुठूनही चुकून पाय पडू शकतो. जुन्या यंत्रांना कित्येकदा ब्रेक नसतो. मोटर बंद केली तरी जड चाक फिरत राहते आणि त्या शिल्लक गतीत आणखी काही घाव भरलेले असतात. साचा बदलायचा तर प्लग काढायचा, चाक थांबेपर्यंत थांबायचे, ठोकळ्याखाली लाकडाचा ओंडका उभा करायचा आणि मगच हात घालायचा. स्प्रिंगभोवती जाळीचे कवच मूळ यंत्रात बहुधा नसते. ते आपण करून घ्यावे लागते. शंभर वर्षे ताणलेली स्प्रिंग कधी तुटेल हे ती सांगत नाही आणि ती असते नेमकी डोक्याच्या उंचीवर.

अमेरिकेतले काही जुने लोहार नव्या मालकाला एक सल्ला देतात, तो डॉक्टरांनीही द्यावा असा आहे. हॅमर गाडीतून उतरण्याआधी कानाचा आलेख काढून घ्या. शांत खोलीत, कानाला हेडफोन लावून, वीस-पंचवीस मिनिटांत होणारी ही तपासणी आपल्याकडेही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे सहज होते. आदल्या दिवशी भट्टी पेटवलेली नसावी, कारण थकलेला कान खोटा आलेख देतो. तो कागद ग्रीसच्या डब्याशेजारी, साच्यांच्या पाचरींच्या खणात ठेवायचा आणि वर्षाने दुसरा काढून त्यावर धरून बघायचा. ४ हजारांच्या रेघेवर टोक दहा डेसिबेलने जरी खाली उतरले असेल, तर बोळे कानात नीट बसत नाहीत, असे समजून पुढच्या शनिवारी भट्टीआधी आरशासमोर उभे राहायचे.